आभासी चलनाची योजना गावात आणणाऱ्यापर्यंत कायदा कसा पोहोचतो

फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने, म्हणजेच सीबीआयने, गेनबिटकॉइन प्रकरणात देशभरात ६० हून अधिक ठिकाणी झडत्या घेतल्या. दिल्ली, पुणे, चंडीगड आणि बंगळुरू या मोठ्या शहरांच्या यादीत कोल्हापूरबरोबर नांदेडचेही नाव होते. या योजनेत गुंतवणूकदाराला बिटकॉइनच्या ‘मायनिंग’मधून, म्हणजे संगणकावर गणिते सोडवून नवी नाणी मिळवण्याच्या कामातून, दरमहा १० टक्के परतावा १८ महिने मिळेल, असे सांगितले जात होते. एवढा नफा कोणत्याही मायनिंगमधून खात्रीने मिळत नाही. आधीच्या लोकांना नंतर येणाऱ्यांच्या पैशातून परतावा द्यायचा आणि नवे लोक येण्याचे थांबले की हात वर करायचे, असा हा जुनाच प्रकार होता. २०१७ च्या सुमारास बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाचे कंपनीचे स्वतःचे नाणे लोकांच्या गळ्यात मारले जाऊ लागले, आणि त्या नाण्याला बाजारात किंमत उरली नाही.

या प्रकरणातील मुख्य आरोपी अमित भारद्वाज याला पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये अटक केली, जानेवारी २०२२ मध्ये त्याचा मृत्यू झाला आणि डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठिकठिकाणचे गुन्हे सीबीआयकडे सोपवले. आरोपीच्या मृत्यूनंतर त्याच्यापुरता फौजदारी खटला संपतो. बाकीच्यांविरुद्ध तो चालू राहतो. म्हणूनच ‘सूत्रधार गेला, आता कोणाला विचारणार?’ या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर समजून घेणे आवश्यक आहे.

मराठवाड्यात ज्यांनी असे पैसे लावले, त्यांच्यापैकी फारच थोड्यांना सिंगापूरमध्ये नोंदवलेल्या कंपनीचे नाव ठाऊक असते. ऊसतोडीला जाणाऱ्या मजुराची उचल शेवटी कारखान्याच्या व्यवहारातून येत असली तरी तो ओळखतो मुकादमाला, तसेच येथेही घडते. गुंतवणूकदार ओळखतो त्या ‘सरां’ना, ज्यांनी जिल्ह्याच्या ठिकाणी हॉटेलच्या हॉलमध्ये प्लॅन दाखवला, त्या भाऊजींना, ज्यांनी मोबाइलवर आयडी, म्हणजे योजनेतले खाते, उघडून दिला. या ‘लीडर’ मंडळींना कायद्याच्या भाषेत प्रवर्तक, एजंट किंवा पैसे मागणारी व्यक्ती म्हणता येते. योजना फसली की त्यांचे एकच वाक्य ठरलेले असते: ‘माझेही बुडाले.’ ते काही जणांच्या बाबतीत खरेही असते. मात्र ते खरे की खोटे हे पुराव्यावरून ठरवायचे असते, आणि खरे ठरले तरी त्याने प्रत्येक जबाबदारी संपत नाही. या लेखाचा सारा रोख या एका मुद्द्यावर आहे.

आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. भारतात आभासी चलनासाठी स्वतंत्र, सर्वंकष कायदा नाही, आणि या पोकळीचा फायदा दोन्ही बाजूंनी घेतला जातो. योजना विकताना सांगितले जाते की, सरकार ३० टक्के कर घेते म्हणजे हे अधिकृतच आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने तर २०२० मध्येच परवानगी दिली आहे. योजना बुडाल्यावर तेच लोक म्हणतात की, क्रिप्टोला कायदाच नाही, तक्रार कशाची करणार? दोन्ही म्हणणी चुकीची आहेत. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेला कर हा उत्पन्नावरचा कर आहे. तो लागला म्हणून ते उत्पन्न देणारी योजना खरी ठरत नाही. ४ मार्च २०२० च्या निकालाने रिझर्व्ह बँकेचे एप्रिल २०१८ चे परिपत्रक रद्द झाले, ज्यात बँकांना अशा व्यवहारांना सेवा देण्यास मनाई केली होती. त्या निकालाने कोणत्याही नाण्याला किंवा परताव्याच्या हमीला मान्यता दिलेली नाही. आणि फसवणुकीचा गुन्हा फसवणुकीसाठी वापरलेल्या वस्तूवर अवलंबून नसतो. जमीन दाखवून फसवा, सोने दाखवून फसवा किंवा नाणे दाखवून फसवा, लागू होणारे कायदे बहुतांशी तेच राहतात.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर सर्वांत उपयोगी कायदा १९९९ चा, ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण करणारा आहे. न्यायालयात आणि पोलीस ठाण्यात त्याला सगळे ‘एमपीआयडी’ म्हणतात. पतसंस्था आणि मल्टिस्टेट संस्थांच्या प्रकरणांमुळे मराठवाड्यात हे नाव आता घरोघरी माहीत झाले आहे. या कायद्यात ‘वित्तीय आस्थापना’ म्हणजे फक्त बँक किंवा कंपनी नव्हे; कोणत्याही योजनेखाली ठेव स्वीकारणारी कोणतीही व्यक्ती त्यात येते. ‘ठेव’ या शब्दाची व्याख्याही व्यापक आहे. ठरावीक मुदतीनंतर किंवा अन्यथा, रोख किंवा अन्य स्वरूपात परत करण्याच्या बोलीवर घेतलेला पैसा तर त्यात येतोच, शिवाय मौल्यवान वस्तूही येते. त्यामुळे पैसे रुपयांत घेतले काय किंवा बिटकॉइनमध्ये, ते या व्याख्येबाहेर आहेत असे प्रवर्तकाला सहजासहजी म्हणता येत नाही. कलम ३ नुसार, कपटाने ठेव बुडवली गेल्यास प्रवर्तक, भागीदार, संचालक, व्यवस्थापक आणि कारभार चालवण्यास जबाबदार असलेली अन्य कोणतीही व्यक्ती किंवा कर्मचारी ६ वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र ठरते. या कायद्याच्या वैधतेला वेळोवेळी आव्हान दिले गेले, आणि एप्रिल २०२२ मध्ये ६३ मून्स टेक्नॉलॉजीज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा एकदा उचलून धरला.

‘कारभार चालवण्यास जबाबदार’ हे शब्द नीट लक्षात ठेवायला हवेत, कारण बचाव पक्षाचा वकील नेमका तेथेच बोट ठेवतो. आपला अशील साधा सदस्य होता, कारभाराशी त्याचा संबंध नव्हता, असे तो म्हणतो. अशा वेळी केंद्राचा २०१९ चा अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा कामी येतो. त्याचे कलम ५ या विषयातले सर्वांत धारदार कलम आहे, आणि खेदाची गोष्ट अशी की तक्रारींमध्ये त्याचा उल्लेख फार कमी आढळतो. या कलमात पदाची किंवा जबाबदारीची अट नाही. कोणत्याही नावाने ओळखली जाणारी कोणतीही व्यक्ती, एखाद्याला अनियंत्रित, म्हणजे कोणत्याही नियामकाकडे न नोंदवलेल्या, ठेव योजनेत पैसे गुंतवायला किंवा सदस्य व्हायला प्रवृत्त करण्यासाठी, जाणूनबुजून खोटे वा दिशाभूल करणारे विधान करील, वचन देईल, भाकीत करील किंवा महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवील, तर तो गुन्हा आहे. त्याला किमान १ आणि कमाल ५ वर्षांची कैद, शिवाय १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘दोन वर्षांत चारपट’ हे वाक्य वचन आहे. ‘हे नाणे दिवाळीपर्यंत पाचशेवर जाणार’ हे भाकीत आहे. तुमच्या रकमेतून मला किती टक्के कमिशन मिळणार हे न सांगणे, माझ्या मते, महत्त्वाची माहिती दडवणे आहे. याच कायद्याने अशा योजनेची जाहिरात करून ठेवी मागण्यालाही वेगळी शिक्षा ठेवली आहे.

येथे नात्यागोत्याचा एक मुद्दा हमखास निघतो. या केंद्रीय कायद्यात नातेवाइकाकडून घेतलेले कर्ज ‘ठेव’ धरले जात नाही, आणि म्हणून चुलतभावाकडून किंवा मेहुण्याकडून पैसे घेणारा ‘ते तर हातउसने होते’ असा पवित्रा घेतो. पण हातउसने म्हणून स्वतःच्या गरजेसाठी घेतलेली रक्कम वेगळी आणि ‘तुझा आयडी टाकतो, महिन्याला पेआउट येईल’ असे सांगून घेतलेली रक्कम वेगळी. पैसे देताना झालेले बोलणे, व्हॉट्सॲपवरचा निरोप, बँकेच्या नोंदीतला शेरा, यांवरून हा फरक दाखवता येतो.

यानंतर येते भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८, म्हणजे फसवणूक. त्याच्या चौथ्या उपकलमाखाली ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. १ जुलै २०२४ पूर्वीच्या कृत्यांना मात्र जुन्या दंड संहितेचे कलम ४२० च लागते. फसवणूक सिद्ध करण्यासाठी एक गोष्ट दाखवावी लागते: पैसे घेतले त्या वेळीच मनात खोट होती. धंदा पुढे बुडाला एवढे पुरेसे नाही. ‘माझेही बुडाले’ या वाक्याचा आधार हाच आहे, आणि म्हणून या वाक्याची चिरफाड कशी करायची हे जवळून पाहू.

समजा, परतूर तालुक्यातील एका शेतकऱ्याने सोयाबीन आणि तूर विकून आलेले २ लाख रुपये आपल्या ओळखीच्या लीडरला रोख दिले. लीडरने मोबाइलवर एक खाते उघडून दिले आणि पाच मिनिटांत त्यात २ लाखांच्या किमतीची नाणी दिसू लागली. शेतकऱ्याला वाटले की पैसे कंपनीकडे गेले. प्रत्यक्षात लीडरच्या स्वतःच्या खात्यात कागदावरचा नफा साठलेला होता, जो कंपनी काढू देत नव्हती. त्याने त्यातलीच नाणी शेतकऱ्याच्या आयडीवर वळवली आणि २ लाखांची रोकड खिशात घातली. कंपनीला एक रुपयाही गेला नाही. अडकलेला नफा सोडवून घेण्यासाठी नवा माणूस शोधण्याची ही रीत अशा साखळ्यांमध्ये सर्रास चालते. ज्याला स्वतःचे पैसे निघत नाहीत हे ठाऊक आहे, तो त्याच योजनेत दुसऱ्याकडून रोख घेतो, तेव्हा त्याच्या मनातली खोट वेगळी शोधावी लागत नाही. ॲपमधील हस्तांतराची नोंद, त्याच दिवशी त्याच्या बँक खात्यात भरलेली रोकड आणि पेआउट बंद पडल्याची तारीख, या तीन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या की चित्र स्पष्ट होते.

तरीही सर्वांना एकाच मापाने मोजणे मला अन्यायाचे वाटते. एखाद्या शिक्षिकेने स्वतःचे पैसे लावले, पहिले दोन पेआउट आले म्हणून आनंदाने बहिणीला सांगितले आणि दोघींचे पैसे बुडाले, तर तिला हॉल भाड्याने घेऊन शे-दीडशे माणसे जमवणाऱ्या लीडरच्या रांगेत उभे करता येणार नाही. तपासात भेद करण्यासाठी काही प्रश्न विचारावे लागतात. संबंधित व्यक्तीने एकूण किती पैसे घातले आणि किती काढले? कमिशन किती स्तरांवरून मिळत होते? वॉलेटचे, म्हणजे नाणी ठेवण्याच्या खात्याचे, पासवर्ड, ग्रुपचे ॲडमिनपद किंवा रोख गोळा करण्याचे काम कोणाच्या हाती होते? परतावा थांबल्यानंतरही ‘सर्व्हरचे काम चालू आहे’ असे सांगून नवे सदस्य घेतले का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल, तर बाकी बचाव फार टिकत नाही.

साखळी पद्धतीच्या योजनांवर तर १९७८ पासूनच केंद्रीय बंदी आहे. प्राइज चिट आणि पैसे फिरवण्याच्या योजनांवरील त्या कायद्यात योजना चालवणे, तिचा प्रसार करणे, सदस्य करून घेणे हे सगळे गुन्हे आहेत आणि शिक्षा ३ वर्षांपर्यंत आहे. नव्या सदस्यांच्या भरतीवर जुन्यांना पैसा मिळण्याचे आश्वासन असेल, तर मध्ये नाणे आहे की साबण, याने फरक पडत नाही. या कायद्यात सहभागी होण्यालाही मनाई असल्यामुळे ‘तक्रार केली तर मीच अडकेन’ ही भीती लीडर मुद्दाम पसरवतात. बहुतेक प्रकरणांत मात्र कमिशन न घेतलेला, फसलेला सदस्य साक्षीदारच असतो. एप्रिल २०१७ मध्ये नवी मुंबई पोलिसांनी वनकॉइन या अशाच नाण्याच्या योजनेच्या प्रचारसभेत १८ जणांना पकडले, तेव्हा ती कारवाई प्लॅन विकणाऱ्यांवर होती, समोरच्या खुर्च्यांवर बसलेल्यांवर नव्हती.

सभेऐवजी यूट्यूबवरून प्रचार करणाऱ्याचे काय, हा प्रश्न अमेरिकेत बिटकनेक्ट या आभासी चलनाच्या योजनेच्या निमित्ताने स्पष्टपणे पुढे आला. त्या योजनेचा तेथील प्रमुख प्रवर्तक ग्लेन अर्कारो याने सप्टेंबर २०२१ मध्ये गुन्हा कबूल केला, आपण किमान २ कोटी ४० लाख डॉलर कमावल्याचे मान्य केले आणि त्याला पुढील वर्षी ३८ महिन्यांची शिक्षा झाली. त्याच्याकडून जप्त केलेल्या आभासी चलनाच्या विक्रीतून आलेल्या रकमेपैकी सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर जानेवारी २०२३ मध्ये ४० देशांतील ८०० पीडितांना द्यावेत, असा आदेश झाला. याच योजनेच्या दिवाणी दाव्यात फेब्रुवारी २०२२ मध्ये तेथील अपील न्यायालयाने सांगितले की, समोरासमोर एखाद्याला गाठून मागणी करणे आवश्यक नाही. सर्वांसाठी टाकलेला व्हिडिओही गुंतवणुकीची मागणीच ठरू शकतो. हा निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, पण आपल्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्याच्या कलम ५ मधल्या ‘कोणतीही व्यक्ती’ या शब्दांशी तो जुळणारा आहे. प्रसिद्ध चेहरे वापरून केलेल्या जाहिरातींसाठी आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत झळकणाऱ्या व्यक्तीला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख आणि पुन्हा तसे केल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. जाहिरातीतील दाव्यांची योग्य पडताळणी केली होती असे दाखवले तर ती व्यक्ती सुटते.

शिक्षा झाली तरी पैसे परत मिळतात का, हा प्रश्न बुडालेल्या माणसाला अधिक सतावतो. एमपीआयडी कायद्याचा खरा जोर येथेच आहे. राज्य सरकार आरोपींची मालमत्ता जप्त करून महसूल खात्यातील सक्षम प्राधिकाऱ्याच्या ताब्यात देते आणि विशेष न्यायालयाच्या आदेशाने ती विकून ठेवीदारांना वाटप होते. बायकोच्या, भावाच्या नावे वाईट हेतूने फिरवलेली मालमत्ताही सुटत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०७ नुसारही न्यायालय गुन्ह्यातून आलेली मालमत्ता जिल्हाधिकाऱ्यांमार्फत पीडितांमध्ये वाटण्याचा आदेश देऊ शकते. अवैध संपत्तीच्या हस्तांतरणाविरुद्धच्या कायद्याखाली, म्हणजे पीएमएलएखाली, अंमलबजावणी संचालनालय कमिशनच्या पैशातून घेतलेल्या जमिनीवर किंवा गाडीवर टाच आणू शकते, आणि ७ मार्च २०२३ पासून आभासी चलनाचे व्यवहार करणारे मंच त्या कायद्याच्या कक्षेत आल्यामुळे त्यांच्याकडून ग्राहकाची ओळख मिळवणे सोपे झाले आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने आभासी चलन ही ‘मालमत्ता’च आहे असे म्हटले. त्यामुळे जप्ती आणि विश्वासघात या दोन्ही मुद्द्यांवर पीडितांच्या वकिलांना एक भक्कम आधार मिळाला आहे.

पुराव्याच्या बाबतीत मराठवाड्यानेच देशाला एक महत्त्वाचा निकाल दिला आहे. जालना विधानसभेच्या २०१४ च्या निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात जो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, त्यात जुलै २०२० मध्ये असे ठरले की, इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत सादर करायची असेल तर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मात्र मूळ उपकरणच मालकाने साक्षीच्या वेळी न्यायालयात हजर केले तर त्याची गरज नाही. आता ही तरतूद भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. ज्या मोबाइलवर लीडरचे व्हॉइस मेसेज, झूम सभेचे रेकॉर्डिंग आणि पैसे मिळाल्याची कबुली आहे, तो मोबाइल विकू नये, फॉरमॅट करू नये आणि बदलीत देऊ नये. स्क्रीनशॉट काढावेतच, पण केवळ त्यांवर विसंबू नये. ग्रुप सोडण्यापूर्वी सदस्यांची यादी आणि संपूर्ण संभाषण निर्यात करून ठेवावे, कारण योजना बुडाल्यावर ॲडमिन सर्वांत आधी ग्रुपमधील मजकूर पुसतो. नाणी ज्या पत्त्यावर पाठवली तो लांबलचक पत्ता आणि व्यवहाराचा क्रमांक जसाच्या तसा जपावा. ब्लॉकचेनवरील, म्हणजे नाण्यांच्या व्यवहारांच्या सामाईक डिजिटल नोंदवहीतील, नोंद कोणालाही पुसता येत नाही आणि तपास अधिकारी तिचा माग काढू शकतात.

अनेक लीडर विश्वास बसावा म्हणून स्वतःच्या खात्याचा धनादेश देऊन ठेवतात. तो कपाटात पडून राहिला तर तीन महिन्यांत निरुपयोगी होतो. मुदतीत बँकेत भरून तो न वटल्यास, बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, त्यानंतर पैसे देण्यासाठी १५ दिवस आणि तेही उलटल्यावर एक महिन्याच्या आत न्यायालयात तक्रार, हा धनादेशांना लागू असलेल्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ चा मार्ग पोलिसांच्या तपासाशिवाय स्वतंत्रपणे चालतो.

तक्रार करताना फक्त कंपनीचे नाव लिहिण्याची चूक मोठ्या प्रमाणावर होते. ‘अमुक कंपनीने फसवले’ असा अर्ज दिला की तपास परदेशातील पत्त्यावर जाऊन थांबतो, आणि जिल्ह्यातला प्रवर्तक कागदावर कोठेच येत नाही. कोणी, कोणत्या तारखेला, कोणत्या ठिकाणी, कोणासमोर काय सांगितले, किती रक्कम कोणत्या मार्गाने घेतली आणि नंतर विचारल्यावर काय उत्तर दिले, हे प्रत्येक लीडरच्या नावापुढे स्वतंत्र लिहावे. गावात नाते तुटेल, सोयरीक मोडेल, शाळेतले सहकारी काय म्हणतील, या दडपणाखाली माणसे त्याचेच नाव वगळतात, आणि तो त्याच पैशातून पुढच्या नाण्याचा हॉल आरक्षित करतो. उलट बाजूने, चिडून त्याच्या घरी जाऊन त्याला कोंडून ठेवले किंवा जमिनीचे कागद जबरदस्तीने लिहून घेतले तर फसलेला माणूसच आरोपी होतो.

नुकतेच पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर त्याच तासात कळवावे, कारण रक्कम बँकेत असेपर्यंतच ती गोठवता येते. जुन्या प्रकरणात जवळच्या कोणत्याही पोलीस ठाण्यात फिर्याद देता येते, हद्द कोणाची हा प्रश्न नंतरचा. रक्कम मोठी असेल तर तपास आर्थिक गुन्हे शाखेकडे जातो. ठाण्यात नोंद घेतली नाही तर तोच मजकूर टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवावा, पोच जपून ठेवावी, आणि तेथेही दाद लागली नाही तर शपथपत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. न्यायदंडाधिकारी पोलिसांना तपासाचा आदेश देऊ शकतात. एकाच लीडरने फसवलेल्या दहा जणांनी एकत्र, पण प्रत्येकाचा स्वतंत्र जबाब जोडून अर्ज दिला, तर ‘हा आमच्या दोघांतला व्यवहार होता’ हा बचाव तेथेच संपतो.